बैठ्या दिवसाचा ताळेबंद



वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांच्या जोडीने सर्वसामान्यांच्या उपयोगी पडेल असा एखादा आरोग्यविषय सोप्या भाषेत मांडावा, अशी आपल्या न्यासाची प्रथा आहे. यंदा आम्ही ‘बसून राहणे’ हा विषय घेतला आहे. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत तो सुचवला तेव्हा काही सदस्यांना हसू आले. परंतु ती बैठक अडीच तास चालली होती आणि तोवर आमच्यापैकी एकानेही खुर्ची सोडली नव्हती, ही गोष्ट ध्यानात येताच विषयाला एकमताने मान्यता मिळाली.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर असून तीस वर्षांहून अधिक काळ हिशेबाच्या टेबलाशी बसत आलो आहोत. या लेखातील वैद्यकीय भाग आमच्या डॉक्टर सहकाऱ्यांनी समजावून दिला व तपासूनही दिला. मांडणी मात्र हिशेबनिसाची आहे. विषयाकडे वळण्याचे निमित्तही घरचेच घडले. गतवर्षी कर्मचाऱ्यांची नियमित तपासणी झाली तेव्हा आमची उपाशीपोटीची साखर मर्यादेबाहेर गेलेली आढळली. आम्ही गोडाचे शौकीन नाही, कसले व्यसन नाही, वजनही डोळ्यांत भरण्याइतके नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, “दिवसातून किती तास बसता?” आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या आम्ही हा हिशेब कधी मांडलाच नव्हता. एक आठवडा नोंद ठेवली, तेव्हा रोजची सरासरी अकरा तासांच्या घरात निघाली.

व्यायाम न करणे आणि बसून राहणे

या विषयात दोन निरनिराळी खाती आहेत आणि ती एकमेकांत मिसळल्याने गोंधळ होतो. पहिले खाते शारीरिक निष्क्रियतेचे. शरीराला आवश्यक तेवढी हालचाल आठवड्याभरात न होणे, ही निष्क्रियता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जाहीर केलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्यातून किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, उदाहरणार्थ झपझप चालणे. अथवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस श्रम करावेत. शिवाय आठवड्यातून दोन वा अधिक दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. यापेक्षा कमी हालचाल करणारा तो निष्क्रिय.

दुसरे खाते बैठेपणाचे. जागेपणी बसून, रेलून किंवा लोळून घालवलेला, ज्यात शरीराची शक्ती अत्यल्प खर्च होते असा सारा वेळ या खात्यात पडतो. झोप त्यात धरत नाहीत. पहाटे पाऊण तास फिरून येणारे आणि नंतर दुकानाच्या गादीवर दहा तास बसणारे गृहस्थ पहिल्या खात्यात उत्तीर्ण होतात. दुसऱ्यात त्यांची बाकी थकलेलीच राहते. आमच्या परिचयातील बहुतेक व्यापारी, शिक्षक, वकील व कारकून मंडळी याच वर्गात मोडतात. “आम्ही रोज फिरायला जातो,” असे ते सांगतात आणि ते खरेच असते. उरलेल्या दिवसाविषयी त्यांना कोणी विचारत नाही.

आपल्या भागात बसणे वाढले कसे

नांदेड व लातूर जिल्ह्यांत एका पिढीमागे बसून खाणारा माणूस विरळा होता. विहिरीचे पाणी शेंदणे, जात्यावर दळणे, बैलांमागे दिवसभर चालणे, आठवडी बाजाराला पायी जाऊन पायी परतणे हे व्यायाम नव्हते, ते जगणे होते. त्या दिवसांचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. जात्याने आणि डोईवरच्या घागरींनी आमच्या आजी-मावश्यांच्या कंबरा मोडल्या, हे आम्ही पाहिले आहे. पिठाची गिरणी, नळ, ट्रॅक्टर व मोटारसायकल आल्याने माणसाचे कष्ट हलके झाले, हे योग्यच झाले. मात्र कष्टांबरोबर हालचालही गेली आणि तिच्या जागी काही ठेवावयाचे आपल्याला सुचले नाही.

लातूरचेच पाहा. गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या रस्त्यांवरची पेठ, तूर-सोयाबीन-हरभऱ्याचा आडत बाजार, बँका, न्यायालय आणि ‘लातूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर नावाजलेले शिक्षण, हे या शहराचे वैभव आहे आणि ते सारे बसून चालते. येथे शिकावयास आलेली मुले-मुली सकाळच्या वर्गापासून रात्रीच्या अभ्यासिकेपर्यंत बाकावर असतात. अठराव्या वर्षी डॉक्टर किंवा अभियंता होण्यास निघालेली ही मुले बैठेपणाची सवय शिदोरीसारखी सोबत नेतात. नांदेडला १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, शासकीय कार्यालये व दवाखाने वाढले, बाजारपेठ विस्तारली. शेतकऱ्याचा मुलगा कारकून झाला, शिक्षक झाला, दुकानदार झाला. प्रत्येक आईबापाने मुलाला “तुला तरी उन्हात राबावे लागू नये” असाच आशीर्वाद दिला होता. तो फळास आला. म्हणून आम्ही बैठेपणाला आळस म्हणण्यास तयार नाही. दिवसाचे बारा तास इमानाने काम करणारा माणूसच बहुधा सर्वाधिक बसलेला असतो.

ही केवळ आमची समजूत नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड व चंदीगड येथील चौदा हजारांहून अधिक प्रौढांची माहिती घेण्यात आली. त्यांपैकी ५४ टक्के लोक निष्क्रिय आढळले. शहरांत हे प्रमाण ६५ टक्के होते. आणि आपण ज्यांना कष्टकरी समजतो त्या खेड्यांतही ते ५० टक्के होते. केवळ आनंदासाठी वा आरोग्यासाठी खेळणारे, फिरणारे, व्यायाम करणारे दहा टक्केही नव्हते. २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अंदाजानुसार भारतातील अपुरी हालचाल करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००० साली सुमारे २२ टक्के होते, ते २०२२ साली जवळजवळ ५० टक्क्यांवर गेले. पुरुषांत ते ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के आहे.

स्त्रियांचा आकडा वाचून अनेकांना नवल वाटेल, कारण घरातील बाई दिवसभर कामात असते. परंतु घरकाम पुष्कळदा थकवते आणि तरीही श्वास थोडा जलद व्हावा इतकी सलग हालचाल घडवत नाही. पुरुष पहाटे मैदानावर जातो, तेव्हा बाई डब्याच्या घाईत असते. संध्याकाळी तिने एकटीने रस्त्यावर फेऱ्या मारल्या तर “कुठे निघालात?” असा प्रश्न चार ठिकाणी येतो. त्यात रस्त्यावर अंधार, मोकाट कुत्री आणि वाहने. तिच्या निष्क्रियतेचे कारण तिच्या स्वभावात शोधणे अन्यायाचे होईल.

चालक आणि वाहक

बसण्याने अपाय होतो, हे ज्ञान जुने आहे. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात शिंपी व चांभार यांच्यासारख्या बसून काम करणाऱ्यांचे आजार नोंदवून त्यांना निदान सुटीच्या दिवशी तरी व्यायाम करण्याचा सल्ला दिला होता. परंतु या गोष्टीला आकड्यांचा आधार मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी तेथील दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून १९५३ साली तो प्रसिद्ध केला. वाहतूक सेवेतील ३५ ते ६४ वर्षांच्या सुमारे ३१ हजार पुरुषांची माहिती त्यात होती. चालक व वाहक एकाच संस्थेचे नोकर. मात्र चालक दिवसभर बसलेला आणि वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसातून शेकडो पायऱ्या चढणारा-उतरणारा. वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा स्पष्टपणे कमी होते, आणि हृदयविकाराच्या झटक्याने अल्पावधीत मृत्यू येण्याचे प्रमाण तर निम्म्याच्या आसपास होते. टपाल खात्यातही पत्रे वाटणारे पोस्टमन टेबलाशी बसणाऱ्या कारकुनांपेक्षा सुरक्षित आढळले. पुढे मॉरिस यांनी गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालक नोकरीस लागतानाच कमरेने थोडे जाड असत, असेही दिसून आले. म्हणजे सगळा फरक बसण्यानेच पडला, असे म्हणता येत नव्हते. मात्र त्यानंतरच्या सत्तर वर्षांत निरनिराळ्या देशांत झालेल्या अभ्यासांनी मूळ निष्कर्षाला बळकटीच दिली आहे.

आपल्याकडे एसटीने प्रवास करणाऱ्यास हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. आडत दुकानातही तसाच एक चालक आणि एक वाहक असतो: गादीवरचे मुनीम आणि पाठीवर पोते वाहणारा हमाल. येथे मात्र एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. हमालाला भरपूर व्यायाम घडतो, म्हणून त्याच्या आरोग्याची काळजी नको, असा अर्थ कोणी काढू नये. दिवसभर विश्रांतीविना ओझी उचलण्याचे जड काम हृदयाला ते संरक्षण देत नाही, जे स्वतःच्या गतीने केलेल्या व्यायामाने मिळते, असे अलीकडचे अभ्यास सुचवतात. उसाच्या फडात मोळ्या वाहणाऱ्या मजुरांच्या बाबतीतही हेच ध्यानात ठेवावे. मुनिमाला उठण्याची गरज आहे, तशी हमालाला बसण्याची.

शरीराच्या वहीत काय घडते

शरीरातील सर्वांत मोठे स्नायू मांड्या, नितंब व पोटऱ्या यांचे. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेची सर्वांत मोठी गिऱ्हाइके हीच. ती साखर स्नायूंत शिरण्यासाठी एरवी इन्सुलिनची किल्ली लागते. स्नायू आकुंचन पावू लागला की इन्सुलिनवाचूनही साखर आत घेणारी वेगळी वाट खुली होते. ज्यांच्या शरीरात ती किल्ली नीट चालत नाही अशा मधुमेह्यांनाही म्हणूनच चालण्याचा लाभ मिळतो. आपण बसलो की ही गिऱ्हाइके दुकान बंद करून बसतात. साखर रक्तात फिरत राहते, स्निग्ध पदार्थ वापरले जाण्याची गती मंदावते आणि शिल्लक पोटाच्या घेरात जमा होते.

दुसरी गोष्ट रक्ताभिसरणाची. पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचे काम पोटऱ्यांचे स्नायू करतात. तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवल्यास रक्त खाली साचते, पावले सुजतात आणि क्वचित शिरेत गुठळी होण्याचा धोका संभवतो. रुग्णाच्या उशाशी दोन-तीन रात्री बसून काढणाऱ्या नातेवाइकांचे पाय सुजलेले आमच्या परिचारिका नेहमी पाहतात.

ऑस्ट्रेलियात २०१२ साली झालेला एक लहानसा प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. वजन जास्त असलेल्या मध्यमवयीन स्त्री-पुरुषांना एका दिवशी सलग बसवून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी दर वीस मिनिटांनी केवळ दोन मिनिटे सावकाश चालवले. दोन्ही दिवशी गोड पेय तेच होते. मध्ये मध्ये चालण्याच्या दिवशी रक्तातील साखरेची वाढ सुमारे एक चतुर्थांशाने कमी भरली. घाम नाही, धाप नाही, विशेष पोशाख नाही. केवळ उठणे होते. आपल्या वाडवडिलांनी जेवणानंतर शतपावलीचा प्रघात पाडला, तो किती शहाणपणाचा होता, हे यावरून कळते.

हिशेबाच्या शास्त्रात घसारा नावाची बाब असते. यंत्र वापरले की झिजते आणि दरवर्षी त्याची किंमत कमी धरावी लागते. शरीराचा नियम याच्या उलट आहे. त्याला घसारा लागतो तो न वापरल्याचा.

वजन कमी आहे, म्हणून निश्चिंत राहू नये

“आम्ही कुठे लठ्ठ आहोत?” असे म्हणणाऱ्यांसाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधन महत्त्वाचे आहे. २००४ साली त्यांनी आपले आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये एकत्र प्रसिद्ध केले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन तंतोतंत सारखे होते. परंतु ब्रिटिश डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९ टक्के, तर आपल्या डॉक्टरांच्या शरीरात २१ टक्के होती. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले की, आपल्याकडील बालके जन्मतः वजनाने कमी असूनही त्यांच्या अंगात चरबी तुलनेने टिकून असते. कमतरता पडते ती स्नायूंची. अशा देहाला बैठेपण अधिक महाग पडते. म्हणूनच भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर व स्त्रियांना ८० सेंटिमीटर धरतात. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची फीत या बाबतीत खरे बोलते. आमचे स्वतःचे उदाहरण असेच निघाले.

प्रेमापोटी दिलेला आराम

आता रुग्णांच्या आप्तांना उद्देशून काही सांगणे आवश्यक आहे, कारण आमच्या रुग्णालयात याबाबत रोज एक मूक ओढाताण चालते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आजीबाईंना उठवून चालवण्यास परिचारिका येतात आणि मुलगा हात जोडून म्हणतो, “मायला उठवू नका हो सिस्टर, लई सोसलंय तिनं.” सून तिला पलंगावरच भरवते, नातू पाय चेपतो. यात कोणाचेही चुकत नाही. माया आहे ती. पण डॉक्टरांनी चालण्याची परवानगी दिल्यानंतरही पलंगावर काढलेला प्रत्येक दिवस आजीबाईंच्या पायांतील बळ काढून घेत असतो. घरी गेल्यावर त्या न्हाणीघरापर्यंत स्वतः जातील की नाही, हे पुष्कळदा याच दिवसांत ठरते.

अमेरिकेत डॅलस येथे १९६६ साली पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहण्यास सांगण्यात आले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांच्या श्रम करण्याच्या क्षमतेची जेवढी हानी केली होती, त्याहून अधिक हानी विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केली होती! विशीतील निरोगी देहाची ही कथा. मग सत्तरीतील दुर्बळ देहाचे काय?

वैद्यकशास्त्रही हे एकाएकी शिकले नाही. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णास कित्येक आठवडे हलू न देण्याची पद्धत एके काळी सर्वमान्य होती. बॉस्टनचे डॉ. सॅम्युअल लेव्हिन व डॉ. बर्नार्ड लाउन यांनी १९५२ साली अशा रुग्णांना लवकर उठवून आरामखुर्चीत बसवण्याचा पुरस्कार केला, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना विरोध केला होता. आज रुग्णाला शक्य तितक्या लवकर उठवणे, हा उपचाराचाच भाग मानला जातो. कोणाला केव्हा उठवावे, हे मात्र डॉक्टरच ठरवतील. त्यांनी सांगितले की आपण आड येऊ नये, उलट आपला खांदा पुढे करावा, एवढीच आप्तांना विनंती.

काय करावे

उपाय साधे आहेत. आठवड्यातून पाच दिवस प्रत्येकी अर्धा तास झपझप चालले की १५० मिनिटे भरतात. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतकी गती पुरे. दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले तरी ते जमेस धरले जातात. पंढरीची वारी वर्षातून एकदा घडते. ती पुण्याईची बाब आहे, परंतु उरलेल्या महिन्यांचा चालण्याचा हिशेब तिने मिटत नाही.

स्नायूंसाठी आठवड्यातून दोन दिवस सूर्यनमस्कार, जोर-बैठका किंवा वयस्करांनी खुर्चीचा आधार घेऊन दहा वेळा उठणे-बसणे हेही चालते. बसण्याच्या खात्यासाठी दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे उठावे. दूरध्वनीवर बोलताना उभे राहावे. जेवणानंतर शतपावली घालावी. ज्यांचे कामच आठ तासांहून अधिक बसण्याचे आहे, त्यांनी रोजची हालचाल वाढवावी. २०१६ साली दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून झालेल्या अभ्यासात असे आढळले की, रोज ६० ते ७५ मिनिटे मध्यम श्रम करणाऱ्यांच्या बाबतीत दीर्घकाळ बसण्याने वाढणारा अकाली मृत्यूचा धोका जवळजवळ नाहीसा होतो. तेवढे जमत नसेल तर थोडे करावे. थोडे हे शून्यापेक्षा नेहमीच बरे.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतरच चालावे व पाणी जवळ ठेवावे. मधुमेह्यांनी अनवाणी फिरू नये आणि पायाला जखम असल्यास आधी दाखवून घ्यावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी व्यायामाची वेळ डॉक्टरांना विचारावी. चालताना छातीत दाटल्यासारखे झाले, फार धाप लागली किंवा भोवळ आली, तर तेथेच थांबावे आणि विनाविलंब तपासणी करून घ्यावी.

रुग्णालयाने काय केले आणि काय हवे आहे

दुसऱ्यांस उपदेश करण्यापूर्वी आम्ही आरंभ आमच्या लेखा विभागापासून केला. छपाईयंत्र व पिण्याच्या पाण्याचा माठ खोलीच्या दूरच्या टोकाला हलवला. पहिल्या आठवड्यात सर्वांनी कागद आणण्यास शिपायाला पाठवले. त्याची प्रकृती उत्तम झाली, आमची होती तशीच राहिली. त्यानंतर प्रत्येकाने आपला कागद आपणच आणावा, असे परिपत्रक काढावे लागले. मासिक बैठकीत मध्यंतरी पाच मिनिटे उभे राहण्याचा नियम केला आहे. उद्वाहन रुग्ण, वृद्ध व गरोदर स्त्रिया यांच्यासाठी राखून आम्ही जिना धरला आहे. आंतररुग्ण विभागात ताप व रक्तदाबाच्या नोंदीशेजारी “आज किती वेळा चालवले” असा एक रकाना वाढवला आहे आणि तो भरण्यासाठी नातेवाइकांची मदत घेतली जाते.

एका जुन्या देणगीदारांची गोष्ट येथे कृतज्ञतापूर्वक नमूद करतो. मातोश्रींच्या स्मरणार्थ प्रतीक्षालयासाठी गुबगुबीत आसने देण्याची त्यांची इच्छा होती. या विषयावर त्यांच्याशी बोलणे झाले, तेव्हा ते काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “आईला शेवटची दोन वर्षे आम्हीच बसवून ठेवलं.” त्यांनी आपल्या देणगीचे दोन भाग केले. एका भागातून वृद्ध व अशक्त माणसांसाठी उंच, हाताचा आधार असलेल्या खुर्च्या आल्या. दुसऱ्या भागातून रुग्णालयाच्या अंगणात झाडांच्या सावलीने जाणारी, एका बाजूस कठडा असलेली सपाट पायवाट झाली. आज सकाळी तेथे शस्त्रक्रियेतून उठलेले रुग्ण आपल्या माणसांचा हात धरून फेऱ्या मारतात.

हीच पायवाट संध्याकाळचे दोन तास परिसरातील स्त्रियांसाठी खुली करावी, असा विश्वस्त मंडळाचा विचार आहे. फाटकाशी पहारेकरी असेल, तेव्हा कोणी “कुठे निघालात?” असे विचारणार नाही. त्यासाठी दिव्यांची सोय, आणखी थोडा कठडा आणि संध्याकाळच्या पाळीसाठी एक भौतिकोपचार तज्ज्ञ एवढ्याची निकड आहे. दानशूर मंडळींनी याचा विचार करावा, ही नम्र विनंती. मोठी यंत्रसामग्री घेण्यासाठी आपण सदैव सढळ हाताने साह्य केले आहे व ती लागणारच आहे. परंतु ज्या खर्चामुळे त्या यंत्रापर्यंत येणारे काही रुग्ण कमी होतील, तोही रुग्णसेवेच्या खात्यातच मांडला जावा, असे आम्हांस वाटते.

राहिला प्रश्न आमच्या स्वतःच्या साखरेचा. औषध चालू आहे, पहाटेचे चालणे चालू आहे आणि दर अर्ध्या तासाने उठण्याची सवय बरीचशी लागली आहे. शेवटच्या तपासणीत आकडा खाली आलेला दिसला. मर्यादेच्या आत येण्यास मात्र अजून थोडे अंतर बाकी आहे. ते अंतर चालून जाण्याचा आमचा निश्चय आहे. पुढील वार्षिक सभेत मध्यंतर ठेवले जाईल आणि तेव्हा सर्वांनी अंगणातील पायवाटेवर एक फेरी मारावी, असे आग्रहाचे निमंत्रण देतो.